मेल्यानंतरचा वेठबिगार: व्हूडूच्या बेटावरचे पाच जुने भयपट आणि त्यातला कोणता निवडावा

हातात एकच संध्याकाळ असेल तर १९४३चा 'आय वॉक्ड विथ अ झोंबी' लावा. दोन असतील तर आदल्या दिवशी १९३२चा 'व्हाइट झोंबी' बघा, कारण दुसऱ्याने काय बदललं हे पहिला पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. 'किंग ऑफ द झोंबीज' (१९४१), 'व्हूडू आयलंड' (१९५७) आणि 'आय ईट युअर स्किन' (चित्रीकरण १९६४, प्रदर्शन १९७१) हे उरलेले तीन एकेका ठरावीक कारणासाठी बघावेत. ते कारण तुमचं नसेल तर सोडून द्यावेत.

पाचही कृष्णधवल आणि पाचही कमी पैशांत उरकलेले. दूरचं बेट, रात्रीचे ढोल आणि चालणारी मेलेली माणसं पाचांतही आहेत. नुसती कथानकं वाचून निवडायला गेलात तर एकच गोष्ट पाच वेळा वाचल्यासारखं वाटेल. खरा फरक अंधाराच्या वापरात आहे. पैसे नसले की सेट अपुरा पडतो, माणसं अपुरी पडतात, आणि मेकअप जवळून बघवत नाही. ज्यांनी हे सगळं सावलीत ठेवलं त्यांचे चित्रपट आजही अंगावर येतात. ज्यांनी उन्हात आणून दाखवलं त्यांची भीती तिथेच संपली.

झोंबी म्हणजे नेमकं कोण

या चित्रपटांतले झोंबी चावत नाहीत. टोळीने येऊन माणसं खाणारा झोंबी १९६८नंतर पडद्यावर रुळला. त्या अपेक्षेने बसलात तर पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा येईल.

कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात वोदू (इंग्रजीत व्हूडू) हा धर्म आहे. तिथल्या मूळ समजुतीत झोंबी म्हणजे मरूनही सुटका न झालेला मजूर. कोणीतरी त्याला थडग्यातून उठवतो आणि राबवून घेतो. आपल्याकडचा वेताळ प्रेतात शिरतो, बोलतो, कोडी घालतो. झोंबीचं उलट असतं, शरीर चालतं आणि आत कोणीच नसतं. म्हणून मराठीत त्याला भूत किंवा पिशाच्च म्हणण्यापेक्षा मेल्यानंतरचा वेठबिगार म्हणणं जास्त जवळचं. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना उसात राबवलं, त्या राबण्यातून ही भीती जन्माला आली. गुलामाला मरण ही तरी सुटका वाटत होती, तीही मिळाली नाही तर? झोंबी आपल्याला गाठेल यापेक्षा आपणच झोंबी होऊ, ही ती भीती. हे मनात धरून बघितलं की पाचांपैकी कोणता चित्रपट गाभ्याला हात घालतो आणि कोणता नुसतं नाव वापरतो, ते लगेच वेगळं होतं.

अमेरिकी लष्कर १९१५ ते १९३४ हैतीत ठाण मांडून होतं. त्याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रुक यांचं हैतीवरचं 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक आलं. उसाच्या फडात राबणाऱ्या मेलेल्या मजुरांची हकिगत त्यात आहे, आणि झोंबी हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला तो मुख्यतः या पुस्तकामुळे. त्यानंतर तीनच वर्षांत पहिला पूर्ण लांबीचा झोंबीपट पडद्यावर आला.

व्हाइट झोंबी (१९३२)

दिग्दर्शक व्हिक्टर हाल्पेरिन, निर्माता त्यांचा भाऊ एडवर्ड. खर्च साधारण ५०,००० डॉलर आणि चित्रीकरण अवघे ११ दिवस, बरंचसं रात्री. युनिव्हर्सल स्टुडिओची जागा भाड्याने घेतलेली, त्यामुळे 'ड्रॅक्युला'चे भव्य दालनांचे सेट आणि इतर जुन्या चित्रपटांचे खांब, सज्जे तिथे उभेच होते. सत्तर मिनिटांहून कमी लांबीचा हा चित्रपट त्याच्या खर्चाच्या मानाने कितीतरी मोठा दिसतो, तो यामुळे. कड्यावरचा किल्ला मात्र रंगवलेलं चित्र आहे आणि ते कळतं.

सुरुवातच बघा. रात्रीची वेळ, रस्त्याच्या मधोमध माणसं खड्डा खणून प्रेत पुरताहेत. घोडागाडीतून आलेलं जोडपं थबकतं, आणि गाडीवान सांगतो की प्रेतं चोरीला जाऊ नयेत म्हणून सतत वर्दळ असते अशा वाटेत पुरतात. मग त्याच रस्त्यावर, झोंबी राबवणारा गिरणीमालक झालेल्या बेला लुगोसीचे दोन डोळे, पडदाभर, गाडीच्या दृश्यावर चढवलेले. संवाद फारसे नाहीत, आणि पुढे काय होणार याची सगळी कल्पना आलेली असते. गाडीवानाचं काम क्लॅरेन्स म्यूज या कृष्णवर्णीय नटाने केलं आहे. या भागातला सगळ्यात समंजस आवाज त्याचा असूनही श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.

चित्रपटाचा खरा गाभा मात्र साखरेच्या चरकाचं दृश्य आहे. डोक्यावर उसाच्या टोपल्या घेतलेले झोंबी रांगेने वर चढतात आणि चरकाच्या तोंडात ऊस ओततात. खाली दुसरे झोंबी मोठं चाक ढकलत गोल फिरत असतात. लाकूड लाकडावर घासल्याचा एकसुरी करकराट, बाकी काही नाही. एक जण तोल जाऊन चरकात पडतो. कोणी थांबत नाही, मान वळवत नाही, आणि करकराटाची लयही तुटत नाही. ज्याने गाळपाच्या दिवसांत चालतं गुऱ्हाळ पाहिलं आहे, चरकात हात जाईल म्हणून धाक घालणारी थोरली माणसं ऐकली आहेत, त्याला हे दृश्य इतरांपेक्षा जास्त झोंबेल. गुलामीवर भाषण न देता गुलामी दाखवणारी दोन मिनिटं सिनेमात फार थोडी आहेत, त्यांत ही आहेत.

पैसे वाचवण्याची आणखी एक युक्ती लक्ष ठेवून बघा. बायको मेली असं समजून नायक गुत्त्यात दारू पीत बसतो, तेव्हा गुत्त्यातली बाकीची माणसं आपल्याला दिसतच नाहीत, भिंतीवर त्यांच्या सावल्या हलतात. गर्दी जमवण्याचा खर्च वाचला, आणि माणसांत असूनही तो एकटा आहे हेही त्याच फटक्यात सांगून झालं.

दोष ढळढळीत आहेत. मूकपटांचा काळ नुकताच सरलेला, त्यामुळे नायक-नायिका झालेले जॉन हॅरन आणि मॅज बेलामी यांचा अभिनय हातवाऱ्यांचा आणि बोलणं अडखळतं वाटतं. म्हातारा डॉक्टर सारखी काडेपेटी मागत राहतो, तो विनोद दुसऱ्या वेळेलाच संपतो. मधला भाग सैल आहे. सगळा भार लुगोसीच्या अंगावर, आणि तो त्याने पेलला आहे. हाताची बोटं एकमेकांत गुंफून तो झोंबींना हुकूम सोडतो, मेणाची बाहुली कोरताना चाकू अतिशय सावकाश फिरवतो. 'ड्रॅक्युला'त त्याने नसेल एवढी मजा या भूमिकेत घेतली आहे.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. नावातला 'व्हाइट' हा शब्द सहज आलेला नाही. काळे मजूर झोंबी झालेत हा चित्रपटाच्या दृष्टीने देखावा आहे आणि गोरी नवरी झोंबी झाली हे संकट. बघताना हे खटकतं, खटकायलाच हवं.

आय वॉक्ड विथ अ झोंबी (१९४३)

आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटनला ठरावीक चौकट आखून दिली होती. खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ ठरवणार. वर्तमानपत्री मथळ्यासारखं नाव हाती आलं आणि ल्यूटनने त्याखाली 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीची गोष्ट वेस्ट इंडीजमध्ये नेऊन ठेवली. कॅनडाहून आलेली नर्स, उसाच्या मळ्याचा तुसडा मालक, आणि बुरुजाच्या जिन्यावरून रात्री उतरणारी त्याची न बोलणारी बायको. दिग्दर्शन जॅक टूर्नर, छायाचित्रण जे. रॉय हंट, लांबी ६९ मिनिटं.

सुरुवातीच्या नामावलीवर जरा थांबा. पात्रांचं जिवंत वा मृत व्यक्तींशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा, हे नेहमीचं वाक्य इथे आहेच. पण त्यात 'जिवंत, मृत किंवा झपाटलेल्या' असे शब्द आहेत.

बेट सेंट सेबॅस्टियन, काल्पनिक. जहाजाच्या कठड्याशी नर्स उभी आहे, रात्रीचा चमकता समुद्र, उडणारे मासे, तिच्या मनात सगळं सुंदर आहे. शेजारी उभा असलेला मळेवाला सांगतो की हे मासे आनंदाने उड्या मारत नाहीत, मोठ्या माशांच्या भीतीने मारतात, आणि पाण्याची चमक असंख्य मेलेल्या जिवांच्या कुजण्याची आहे. पुढे बेटावर उतरल्यावर गाडीवान तिला आपल्या पूर्वजांना साखळदंडांत घेऊन आलेल्या मोठ्या जहाजाची गोष्ट सांगतो. ती म्हणते, पण सुंदर जागी आणलं ना. तो वाद घालत नाही, "तुम्ही म्हणता तसं, मिस" एवढंच बोलून गाडी हाकत राहतो. त्या गुलामवाहू जहाजाच्या नाळेवरची मूर्ती, बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन, मळेवाल्याच्या बागेत उभी आहे. रात्री रडण्याचा आवाज येतो, तो बेटावर मूल जन्मल्याचा असतो. गुलामीच्या काळापासून इथली माणसं जन्माला रडतात आणि मयताला गातात. 'व्हाइट झोंबी'त जे चरकाच्या दोन मिनिटांत होतं ते इथे चित्रपटभर पसरलेलं आहे, आणि बोलणारी माणसं बेटावरचीच आहेत.

आता उसाच्या फडातली वाट. नर्स त्या रोगी बाईला रात्री हूंफोरात, म्हणजे वोदूच्या पूजास्थानी, घेऊन निघते. मोलकरीण आल्मा निघण्याआधी दोघींच्या कपड्यांवर एकेक तुकडा टाचून देते, चौकातल्या राखणदाराला दाखवायची ती खूण. आल्मा पिठावर बोटाने वाट काढून दाखवते. मग कितीतरी मिनिटं एक शब्द नाही, पार्श्वसंगीतही नाही. वारा, उसाच्या पात्यांची सळसळ, लांबून येणारे ढोल. झाडाला टांगलेलं मेलेलं जनावर, जमिनीवर मांडलेली कवटी. टाचलेल्या दोन तुकड्यांतला एक वाटेत गळून पडतो, ते आपल्याला कळतं, नर्सला कळत नाही. आणि मग विजेरीच्या उजेडाचं वर्तुळ सरकत सरकत दोन अनवाणी पायांवर येऊन थांबतं.

हा राखणदार कारफूर. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ चौक, आणि वोदूत चौकाचं राखण करणारं दैवत आहेच. डार्बी जोन्स या नटाने ही भूमिका केली. त्याला एकही संवाद नाही, तो कोणावर झडप घालत नाही, नुसता उभा राहतो. मेकअप म्हणजे जवळजवळ फक्त पुढे आलेले, न मिटणारे डोळे. फड पूर्णपणे स्टुडिओतला आहे, आणि म्हणूनच तो इतका नेमका दिसतो. कुठलं पान उजेडात घ्यायचं, कुठे नुसती काळी भिंत ठेवायची, हे सगळं हातात होतं.

कॅलिप्सो ही कॅरिबियन लोकगाणी गाणारा सर लॅन्सलॉट हा त्रिनिदादचा गायक. भर दिवसा तो गुत्त्याबाहेर गात असतो आणि गाण्यात मळेवाल्याच्या घरातली भानगड उघडी पडते. त्या घरातलाच धाकटा भाऊ शेजारी बसलाय हे कळताच ओशाळून थांबतो. रात्री, तोच भाऊ दारूच्या नशेत टेबलावर पडलेला असताना, गायक उरलेलं कडवं म्हणत म्हणत नर्सच्या अंगावर चालून आल्यासारखा जवळ येतो. सूर तोच, गाणं तेच, आणि आता मात्र अंगावर काटा येतो. कथेचा निम्मा पूर्वेतिहास या गाण्यात आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. शब्द निसटले तर पुढची भांडणं अर्धवट कळतील.

ज्यांना शेवटी सगळं उलगडून हवं असतं त्यांना हा चित्रपट रुखरुख लावेल. बाई आजारी आहे की मेलेली, जादू खरी की तापाने गेलेलं डोकं, दोन्ही बाजूंनी पुरावा ठेवला आहे आणि निकाल दिलेला नाही. आमच्या मते तीच त्याची ताकद आहे. पण घरातल्या सगळ्यांसोबत बसून शेवटी टाळ्या वाजवाव्यात असा हा चित्रपट नाही.

खऱ्या बेटावर जाऊन काय झालं

पाचांपैकी 'व्हूडू आयलंड' खऱ्याखुऱ्या दूरच्या बेटावर, हवाईतल्या कौआईवर, चित्रित झाला. आणि भीतीच्या बाबतीत तोच सगळ्यात कच्चा आहे.

दिग्दर्शक रेजिनाल्ड ले बोर्ग, संगीत लेस बॅक्स्टर, प्रमुख भूमिकेत सत्तरीला टेकलेला बोरिस कार्लोफ. भोंदूपणा उघडा पाडणं हा त्याचा धंदा. बेटावर हॉटेल बांधू पाहणारा एक उद्योगपती त्याला पाठवतो, कारण आधी गेलेल्या पाहणी पथकातला एकच माणूस परत आला आणि तोही बधिर, डोळे उघडे ठेवून बसलेला. ही सुरुवात चांगली आहे. सगळ्यावर शंका घेणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास पायरी पायरीने ढासळणं, हे कार्लोफसारख्या नटाला दिलेलं उत्तम काम होतं.

घोळ होतो तो बेटावर उतरल्यावर. लख्ख सूर्यप्रकाश, मागे हिरवेगार डोंगर, पुढे रबरी फांद्यांची मांसाहारी झाडं. झाडाने माणसाला वेढा घातला की माणूसच फांद्या स्वतःभोवती ओढून घेतोय हे स्पष्ट दिसतं. हीच झाडं टूर्नरच्या उसाच्या फडात, विजेरीच्या उजेडात, अर्धवट दिसली असती तर चालून गेली असती. पटकथेत चालणं फार आहे, चित्रपट सव्वा तासाहून लांब आहे, आणि झाडांच्या दोन हल्ल्यांमधला वेळ संवादांनी भरला आहे.

शिवाय भूगोलच चुकलाय. वोदू पश्चिम आफ्रिकेतून, आजच्या बेनिनच्या भागातून, गुलामांबरोबर कॅरिबियन बेटांवर आला. प्रशांत महासागरातल्या बेटांशी त्याचा काही संबंध नाही. इथे तो शब्द फक्त जाहिरातीसाठी चिकटवलेला आहे. बाहुल्या आहेत, ढोल आहेत, पण त्यामागे ना कोणाचा इतिहास ना कोणाचं दुःख.

तरीही कार्लोफच्या चाहत्यांनी हा बघावा. त्याचा आवाज, त्याची शिष्टाचारी चेष्टा आणि हळूहळू येणारी धास्ती यांवर तो एकटा चित्रपट ओढून नेतो. पुढे बॅटमन म्हणून गाजलेला ॲडम वेस्ट इथे श्रेयाविना छोट्याशा कामात आहे, तो शोधायची गंमत वेगळी.

उरलेले दोन

'किंग ऑफ द झोंबीज' हा मोनोग्राम या स्वस्त चित्रपट काढणाऱ्या कंपनीचा. विमान कॅरिबियनमधल्या बेटावर कोसळतं, तिथे एक डॉक्टर शत्रूचा हेर, आणि झोंबी त्याच्या हुकमातले. भीती जवळजवळ शून्य, हा मुळात विनोदपट आहे. तो तरला आहे मँटन मोरलँड या कृष्णवर्णीय विनोदवीरामुळे. भित्रा नोकर ही त्या काळची अपमानास्पद चौकट त्याला मिळाली. पण त्या चौकटीतही तो शब्द इतक्या अचूक वेळी टाकतो की बाकीचे नट खांबासारखे उभे वाटतात. घरात काय चाललंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं आणि गोरे साहेब त्याचं ऐकत नाहीत, एवढं लक्षात ठेवून बघितलं तर चित्रपटाचा तोल बदलतो. एडवर्ड के यांच्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं. ज्यांना तो भित्र्या नोकराचा साचा सहनच होणार नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, आणि त्यात काही चूक नाही.

'आय ईट युअर स्किन' डेल टेनीने १९६४ साली फ्लोरिडात चित्रित केला. तो वर्षानुवर्षं पडून राहिला आणि १९७१ साली दुसऱ्या एका रक्ताळ चित्रपटाला जोड म्हणून, भडक नवं नाव देऊन बाहेर काढला गेला. कातडी कोणीही खात नाही. सापाच्या विषापासून कर्करोगाचं औषध शोधणारा शास्त्रज्ञ, आणि त्या प्रयोगातून तयार होणारे झोंबी. डोळ्यांवर उकडलेल्या अंड्याचं टरफल बसवल्यासारखा मेकअप, तोही भर उजेडात. स्फोटकांची पेटी हातात धरून विमानाच्या फिरत्या पंख्याकडे चालत जाणारा झोंबी हे एक दृश्य मात्र डोक्यातून जात नाही. मित्रमंडळी जमवून, मध्ये बोलत, खात बघायचा असेल तर हा घ्या. एका शिरच्छेदामुळे लहान मुलांना बसवू नका. आधीच्या चारांत रक्त जवळजवळ नाही, बारा-तेरा वर्षांचं मूल ते बघू शकतं, पण 'आय वॉक्ड'मध्ये त्याला काही घडतच नाही असं वाटेल.

यातला वोदू कितपत खरा

वोदू हा हैतीतल्या लाखो लोकांचा जिवंत धर्म आहे. पुजारी हूंगान, पुजारीण मांबो, आणि माणसाच्या अंगात येऊन बोलणारी दैवतं, ज्यांना ल्वा म्हणतात. अंगात येणं, मानपान, कौल घेणं हे मराठी माणसाला परकं नाही, त्यामुळे 'चेटूक' किंवा 'काळी जादू' हे शब्द वापरून मोकळं होण्याची घाई आपण तरी करू नये. १७९१च्या ऑगस्टमध्ये बुआ कायमान या जागी झालेल्या वोदू विधीनंतर हैतीतल्या गुलामांचा उठाव पेटला असं तिथला इतिहास मानतो, आणि १८०४ साली देश स्वतंत्र झाला.

या कसोटीवर 'आय वॉक्ड' बराच पुढे आहे. नाच, ढोल आणि विधी यांना तिथे लय आणि प्रतिष्ठा आहे, पूजेला जमलेली माणसं वेडीपिशी दाखवलेली नाहीत. अर्थात शेवटी दैवतांच्या नावाने बोलणारा आवाज कोणाचा, ही गुंतागुंत पटकथेने घातली आहे. गोऱ्यांचं शहाणपण बेटावर चोरपावलांनी कसं शिरतं, ते त्यातून उघडं होतं. 'व्हाइट झोंबी'त वोदूचा धर्म जवळजवळ नाहीच, आहे तो एक गोरा गिरणीमालक आणि त्याची पूड. 'किंग'मध्ये नुसता देखावा, आणि शेवटच्या दोघांत तोही धड नाही.

प्रत, डिस्क आणि टीव्ही

'व्हाइट झोंबी' अमेरिकेत कोणाच्याही मालकीचा उरलेला नाही, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या फुकट प्रती ढिगाने आहेत. बहुतेक वाईट आहेत, आणि वाईट प्रतीत हा चित्रपट निव्वळ मातेरं होतो. प्रत निवडताना दोन ठिकाणं तपासा. पहिलं, सुरुवातीला डोळे रस्त्यावर चढवलेले आहेत तिथे डोळ्यांखालून गाडी दिसते का? नुसती काळी चिखलपट्टी दिसत असेल तर ती प्रत बंद करा. दुसरं, चरकाचं दृश्य. करकराट वेगळा ऐकू यायला हवा. खरखर आणि करकराट एकमेकांत मिसळले असतील तर ध्वनी साफ न केलेली प्रत आहे. ध्वनी जास्त रगडून साफ केला तरी बिघडतं, मग पाण्याखालून आल्यासारखे संवाद येतात. एकूण लांबी ६७ ते ६९ मिनिटांच्या आसपास हवी. बरीच कमी असेल तर काहीतरी कापलंय. आणि आवाज वाढवून ठेवू नका, संवाद हळू आहेत म्हणून कळ पिळली की गिधाडाची किंकाळी कानात घुसते.

'आय वॉक्ड'ची गोष्ट वेगळी. जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये ल्यूटनच्याच 'द सेव्हन्थ व्हिक्टिम'सोबत फोरके आणि ब्ल्यू-रे असा जोड संच काढला. अमेरिकेतून नातेवाइकांकडून मागवणार असाल तर एक अडचण आधी समजून घ्या. डिस्क आणि प्लेअर जगातल्या ठरावीक विभागांसाठी बांधलेले असतात. त्या संचातली ब्ल्यू-रे 'ए' विभागाची आहे, भारतात विकलेले प्लेअर 'सी' विभागाचे असतात, ती लागणार नाही. फोरके डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण त्यासाठी फोरके प्लेअरच लागतो. जुन्या डीव्हीडीचंही तेच. 'व्हूडू आयलंड' एमजीएमच्या एका जोड-डीव्हीडीवर मिळतो, ती अमेरिकेतली म्हणजे १ विभागाची, आणि आपल्याकडचा विभाग ५. सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर पैसे वाया जातील.

टीव्हीवर लावण्याआधी चित्राचा आकार बघा. १९३२ ते १९४३चे तिन्ही चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदा भरण्यासाठी ताणलं की माणसं बुटकी होतात, आणि मोठं करून कापलं तर कारफूरचं डोकंच जातं. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर ९० वर्षांपूर्वीचा चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसतो. 'व्हिविड' सोडून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, उजेड. खोलीतला दिवा चालू असला की फडातलं काळं राखाडी दिसतं, मग आपला हात रिमोटकडे जातो आणि ब्राइटनेस वाढतो. तसं करू नका, दिवा घालवा. पडताळा अगदी सोपा आहे. विजेरीचं वर्तुळ कारफूरच्या पायांवर थांबण्याआधी तुम्हाला तो उभा दिसला, तर ब्राइटनेस जास्त आहे. दोन घरं खाली आणा, चित्रपट पिठावरच्या वाटेपर्यंत मागे घ्या आणि तिथून परत बघा.